मुलांना माहीत आहे, नळ किती आहेत?

नगर शहरातून मनमाड रस्त्याने निघाले की सीना नदीकाठी नागापूर लागते. एकेकाळचे हे गाव आता महापालिकेच्या हद्दीत आहे. औद्योगिक वसाहत त्याला लागून वाढत गेली, तसे जुने गावठाण, कामगारांच्या भाड्याच्या खोल्या आणि नव्या कॉलन्या एकमेकांत मिसळल्या. इथल्या प्राथमिक शाळेच्या एका बाकावर मूळ गावकऱ्याचा नातू, मराठवाड्यातून कामाला आलेल्या वेल्डरची मुलगी आणि उत्तर प्रदेशातल्या हेल्पराचा मुलगा शेजारी बसू शकतात. त्याच रस्त्याने पुढे विळद घाटात वैद्यकीय आणि परिचर्या शिक्षणाचे मोठे संकुल आहे. वैद्यकीय आणि परिचर्या महाविद्यालयांना पाहणीसाठी जवळची शाळा लागतेच, आणि पाहणीचा हुकमी विषय म्हणजे ‘प्राथमिक शाळेतील मुलांचे वैयक्तिक स्वच्छतेविषयीचे ज्ञान व सवयी’.

महाराष्ट्रात, किंबहुना देशभर, असे अभ्यास ढिगाने झाले आहेत. साचा ठरलेला. प्रश्नावली हातात, मुले रांगेत. दात दिवसातून किती वेळा घासता? कशाने? आंघोळ रोज की एक दिवसाआड? नखे केव्हा कापता? जेवणाआधी हात धुता का? शौचाहून आल्यावर कशाने धुता, साबणाने, मातीने की नुसत्या पाण्याने? मग डोके बघायचे, नखे बघायची, दात आणि कातडी बघायची. निष्कर्षही बहुतेक ठरलेलाच: ज्ञान बऱ्यापैकी, सवयी त्या मानाने कमी, मुली मुलांपेक्षा थोड्या नीटनेटक्या, शिकलेल्या आईची मुले जास्त स्वच्छ. शेवटी शिफारस येते की शाळेत आरोग्य शिक्षण वाढवावे.

गडबड या शिफारशीत आहे. मुलांना माहीत आहे असे पाहणीच सांगते, आणि उपाय म्हणून पुन्हा माहितीच देते. आपल्याकडे मुलाला स्वच्छतेविषयी सांगणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती. परिपाठात नखे तपासली जातात, परिसर अभ्यासाच्या पुस्तकात धडे आहेत, भिंतीवर चित्रे आहेत, दूरचित्रवाणीवर साबणाच्या जाहिराती आहेत. हात धुण्याच्या सहा पायऱ्या पाठ व्हाव्यात म्हणून ‘सुमन-के’ नावाचे हिंदी सूत्रही शाळाशाळांतून घोटून घेतले गेले. दर वर्षी १५ ऑक्टोबरला जागतिक हात धुवा दिन होतो. तो २००८पासून पाळला जातो आणि त्या दिवशी फोटोसाठी का होईना, साबण निघतोच. दुसरीतले पोरसुद्धा विचारल्यावर ‘जेवणाआधी आणि शौचानंतर’ हे एका दमात म्हणून दाखवते.

विचारलेले आणि घडलेले यांत किती अंतर असते, याचा अंदाज मोठ्यांच्या आकड्यांवरून येतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६व्या फेरीत, २०१८मध्ये, देशातल्या ७४.१ टक्के कुटुंबांनी शौचानंतर साबणाने किंवा डिटर्जंटने हात धुतो असे सांगितले. जेवणाआधी साबण वापरणारी कुटुंबे मात्र ३५.८ टक्केच निघाली. ६०.४ टक्के कुटुंबे जेवणाआधी नुसत्या पाण्याने हात धुणारी होती. हेही तोंडी उत्तर. जगभरच्या प्रत्यक्ष निरीक्षणांचा २०१४मध्ये एकत्र हिशेब मांडला गेला, त्यात विष्ठेशी संपर्क आल्यावर साबणाने हात धुणारे सुमारे १९ टक्केच निघाले. बांगलादेशातल्या संशोधकांनी तर घरांतल्या साबणाच्या वडीतच हालचाल टिपणारे यंत्र बसवले. निरीक्षक घरात बसलेला असताना ती वडी एरवीपेक्षा ३५ टक्के जास्त वेळा हलली. पाहुण्यासमोर घर आवरण्याची ही मानवी खोड संशोधकाच्या वहीत ‘सवय’ म्हणून नोंदली जाते.

मूल तर या बाबतीत मोठ्यांच्याही पुढे असते. पांढरा कोट घातलेली ताई विचारते आहे आणि शेजारी बाई उभ्या आहेत म्हटल्यावर कोणते मूल सांगेल की काल रात्री दात न घासताच झोपलो? म्हणून या पाहण्यांतला ‘ज्ञान’ हा रकाना मी फारसा मनावर घेत नाही आणि ‘सवयी’चा रकाना निम्म्याने कमी करून वाचतो. विश्वास ठेवावा असा भाग एकच, तपासणीचा. नख खोटे बोलत नाही.

पण तपासणीत जे दिसते त्याचा अर्थ लावतानाही घाई होते. उवांचे उदाहरण घ्या. डोक्यात उवा-लिखा सापडल्या की ‘अस्वच्छता’ या रकान्यात खूण पडते आणि ती मुलींच्या नावावर जास्त पडते. उवा मळामुळे होत नाहीत. एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर, केसाला केस लागून त्या चालत जातात. रोज न्हाणाऱ्या मुलीच्या डोक्यातही त्या तितक्याच सुखाने राहतात. लांब केस, एकमेकींच्या गळ्यात गळा, एका उशीवर तिघी बहिणी एवढे कारण पुरते. वर्गात ‘हिच्या डोक्यात उवा आहेत’ असे मोठ्याने म्हटले की त्या मुलीला वेगळे बसवले जाते, आणि घरी आई मिळेल तो उपाय करते. तो कधी रॉकेल असतो, कधी सीताफळाच्या बियांची पूड. ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते, असे रुग्ण नेत्रतज्ज्ञांनी नोंदवलेले आहेत. औषधाच्या दुकानातले परमेथ्रिनचे लोशन आणि बारीक दातांची फणी यांनी काम भागते. घरातल्या बाकीच्यांची डोकीही त्याच दिवशी तपासली पाहिजेत, हे सांगायला मात्र कोणी नसते.

खरजेचे तसेच. ती आंघोळ न केल्याने होते अशी समजूत इतकी पक्की आहे की खरूज झालेल्या पोराला खसाखसा घासून काढतात. खरजेचा किडा कातडीच्या आत बीळ करून राहतो, साबणाने तो धुऊन जात नाही. मानेपासून तळपायापर्यंत मलम लावून रात्रभर ठेवायचे, आठवड्याने पुन्हा लावायचे, आणि खाज असो-नसो घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे झोपत असतील तर एकट्या मुलाला मलम दिल्याने खरूज जात नाही, महिन्याभरात परत येते. म्हणजे प्रश्नावलीने मुलाच्या नावावर लिहिलेल्या कितीतरी गोष्टी खरे तर खोलीच्या आकाराच्या आणि घरातल्या माणसांच्या संख्येच्या असतात. पाहणीत घराचा आकार विचारलेला असतो, पण तो ‘सामाजिक-आर्थिक स्तर’ नावाच्या डब्यात जातो आणि शिफारशीपर्यंत पोहोचत नाही.

दातांचा मामला याहून सरळ आहे आणि सगळ्यांत दुर्लक्षितही. २००२-०३च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य पाहणीत बारा वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्के मुलांचे दात किडलेले सापडले होते. रात्री झोपताना दात घासण्याची पद्धत आपल्या बहुतेक घरांत नाहीच. सकाळी तोंड धुणे हा आपला संस्कार, रात्री चूळ भरली तरी पुष्कळ. त्यात शाळेच्या फाटकाबाहेरची टपरी आणि रुपया-दोन रुपयांची चॉकलेटे. काही घरांत आजी मिश्री लावते, आणि तिच्या डबीत बोट बुडवून पाहणारे नातवंड असतेच. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. दात घासण्याच्या नावाखाली तंबाखूची पहिली ओळख घरातच होते. पाहणीच्या प्रश्नात ‘दात कशाने घासता’ याला टूथपेस्ट, पावडर, राखुंडी, कडुनिंबाची काडी असे पर्याय असतात. मिश्रीचा पर्याय लहान मुलांना विचारायचा नसतो असे धरून चालतात. विचारावा.

आता हातांकडे येऊ, कारण सगळ्यांत जास्त फायदा तिथे आहे आणि सगळ्यांत जास्त अभ्यासही तिथेच झाले आहेत. साबणाने हात धुण्याला प्रोत्साहन दिले की जुलाबाचे प्रमाण साधारण ३० टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या वैद्यकीय संशोधन-आढाव्यांनी पुन्हा पुन्हा दिला आहे. कराचीच्या झोपडपट्ट्यांत झालेला आणि २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला प्रयोग तर प्रसिद्धच आहे. साबण आणि शिकवण मिळालेल्या घरांत जुलाब निम्म्यावर आले, पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनियाही निम्म्यावर आला. आणि साधा साबण जंतुनाशक साबणाइतकाच उपयोगी ठरला. जाहिरातदारांना न आवडणारी ही ओळ नगरच्या प्रत्येक किराणा दुकानात लावायला हरकत नाही.

जंतांची गोष्टही हातांशी आणि पायांशी जोडलेली आहे. २०१५पासून १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. अंगणवाडीत आणि शाळेत एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी मिळते, एक ते दोन वर्षांच्या बाळांना अर्धी. गोळी स्वस्त आहे, सुरक्षित आहे, घ्यायलाच हवी. पण तिची मर्यादा २०१२च्या एका आढाव्याने स्पष्ट दाखवली. उपचारानंतर वर्षभरात गोल कृमींचे प्रमाण आधीच्या ९४ टक्क्यांपर्यंत परत चढते, चाबूक कृमींचे ८२ टक्के, अंकुश कृमींचे ५७ टक्के. गोल कृमीची अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि नखांतून तोंडात जातात. अंकुश कृमी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. म्हणून स्वच्छतेच्या पाहणीत चप्पल मोजली पाहिजे. वर्गाबाहेर चपला काढून ठेवण्याची आपल्या शाळांची रीत चांगलीच, पण तेच मूल मधल्या सुट्टीत मुतारीकडे अनवाणी पळत जाते.

माहिती दिल्याने काहीच होत नाही, असे म्हणणेही खोटे ठरेल. चीनच्या हुनान प्रांतात ३८ शाळांतल्या नऊ-दहा वर्षांच्या १,७१८ मुलांवर एक प्रयोग झाला. जंतांविषयीची बारा मिनिटांची व्यंगचित्र फिल्म, तिच्यावर चर्चा, चित्रांच्या स्पर्धा. वर्षाअखेरीस नव्याने जंत झालेली मुले फिल्म न दाखवलेल्या शाळांत ८.४ टक्के होती, फिल्म दाखवलेल्या शाळांत ४.१ टक्के. शौचानंतर हात धुताना दिसलेली मुले फिल्म दाखवलेल्या शाळांत ९८.९ टक्के होती, बाकीच्या शाळांत ५४.२ टक्के. फिल्म चांगली होतीच. पण फिल्म न पाहिलेल्यांपैकीही निम्म्याहून अधिक मुले हात धूत होती, हे वाचताना नजरेतून सुटू नये. धुवायला पाणी असल्याशिवाय हे होत नाही. जिथे सोय आहे तिथे शिकवणीचा गुण येतो.

याच्या उलट टोकाचा प्रयोग बांगलादेशातल्या दोन ग्रामीण प्राथमिक शाळांत झाला. तिथे कोणालाही काही शिकवले नाही. शौचालयापासून हात धुण्याच्या जागेपर्यंत विटांची वाट केली, ती रंगवली, तिच्यावर पावलांचे ठसे काढले, नळापाशी हाताचे पंजे रंगवले. आधी शौचानंतर साबणाने हात धुणारी मुले ४ टक्के होती, सहा आठवड्यांनी ७४ टक्के. शाळा दोनच, त्यामुळे या आकड्याने हुरळून जाऊ नये. पण पोरांच्या पायांना वाट दाखवली की डोक्याला उपदेश करावा लागत नाही, हे प्रत्येक शिक्षकाला पटेल. केनियातल्या शाळांत कॅमेरे लावून पाहिले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. आसपास दुसरे मूल असेल तर मुले हात जास्त धुतात. एकटे मूल सटकते. त्यामुळे जेवणाआधी सगळ्या वर्गाने एकत्र हात धुणे ही पद्धत जगभर रुजते आहे. फिलिपीन्सने तर रोजचे सामूहिक हात धुणे, शाळेतच दात घासणे आणि वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी असा एकत्र कार्यक्रम चालवला. भोके पाडलेल्या एका लांब नळीखाली पंधरा-वीस मुले एकदम उभी राहतात.

आपल्या देशातला याच धर्तीचा दाखला आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यातला आहे. ‘सुपरअम्मा’ नावाच्या मोहिमेने जंतू, जुलाब, आजार यांबद्दल जवळजवळ बोलायचेच नाही असे ठरवले. नाटुकल्यांतून किळस, चांगल्या आईचा अभिमान आणि ‘आता सगळेच असे करतात’ ही भावना एवढ्यावर भर दिला. सहा महिन्यांनी त्या गावांत साबणाने हात धुण्याचे प्रमाण ३७ टक्के होते, तुलनेच्या गावांत ६ टक्के. आरोग्याचे नाव न घेता आरोग्याची सवय लागली.

महाराष्ट्राला हे शहाणपण नवीन नाही, आपण ते विसरलो एवढेच. गाडगेबाबा गावात आल्यावर आधी खराटा हातात घेत, कीर्तन रात्री. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांच्या बालवाड्या चालवल्या. तिथे आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे हा दिनक्रमाचा भाग होता. मूल घाणेरडे आले म्हणून त्याला परत पाठवायचे नाही, इथे स्वच्छ करायचे आणि मग शिकवायचे. १९३७च्या वर्धा परिषदेतून निघालेल्या नयी तालीममध्ये सफाई हे शिकण्याचेच काम होते. त्या वाटेने पाहिले तर परिपाठातली आजची नखतपासणी ही उलट दिशा आहे. ज्याची नखे वाढलेली त्याला पुढे बोलवायचे, हात वर करून उभे करायचे, किंवा घरी पाठवायचे. नेलकटर वीस-तीस रुपयांना मिळते. तपासणाऱ्या बाईंच्या टेबलावर एक असेल तर पोराची नखे तिथल्या तिथे कापली जातील. नसेल तर त्याला तपासणीच्या दिवशी गैरहजर राहायचे कसे, ते तेवढे कळेल.

नगर जिल्ह्याने तर याचा धडा जगाला दिला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे आरोग्य कार्यकर्ते शिकायला जामखेडला येऊ लागले. त्यांनी सुरुवातीला गावकऱ्यांना काय हवे ते विचारले तेव्हा उत्तर दवाखाना असे आले नाही, पाणी आणि अन्न असे आले. ते दिवस बहात्तरच्या दुष्काळाचे. मग कूपनलिका आल्या, मुलांचा आहार आला, आणि गावातल्याच निरक्षर बायका आरोग्य सेविका झाल्या. जुलाब, खरूज, स्वच्छता यांविषयी त्या आपल्या शेजारणींशी त्यांच्याच बोलीत बोलत. पाणी आधी आणि शिकवण मागून, असा हा क्रम होता. विदर्भात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागानेही अंजी परिसरातल्या शाळकरी मुलांबरोबर सहभागातून स्वच्छता शिक्षणाचा प्रयोग करून तो २००७मध्ये प्रसिद्ध केला. प्रश्नावली भरून निघून जाण्यापलीकडे महाविद्यालय काय करू शकते, याचा तो नमुना आहे.

सरकारी बाजूने बघितले तर कागद भक्कम आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९च्या परिशिष्टात मुलामुलींसाठी स्वतंत्र शौचालये आणि पिण्याचे सुरक्षित पाणी बंधनकारक आहे. १५ ऑगस्ट २०१४च्या भाषणात पंतप्रधानांनी वर्षभरात प्रत्येक शाळेत मुलींसाठी स्वतंत्र शौचालय देण्याची घोषणा केली, आणि २ लाख ६१ हजार शाळांत ४ लाख १७ हजार शौचालये बांधल्याचे पुढच्या वर्षी जाहीर झाले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक २०१३पासून वर्षातून एकदा शाळेत येते. महाराष्ट्रात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१पासून आहे. बांधकामे झाली, हे खरेच. पण जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला शिपाई नसतो. शौचालय रोज कोणी धुवायचे, याचे उत्तर कोणत्याही घोषणेत नव्हते. ते गुरुजींनी, मुलांनी किंवा कोणीच नाही, असे शाळेगणिक बदलते. कुलूप लावलेले शौचालयही मोजणीत शौचालयच असते.

मोजणीचा हाच घोळ हात धुण्याच्या जागेबाबतही आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची संयुक्त मोजणी शाळेत ‘मूलभूत’ सोय आहे असे तेव्हाच धरते, जेव्हा पाहणीच्या वेळी नळाला पाणी आणि जवळ साबण असतो. या कसोटीवर २०१९मध्ये जगातल्या ८१ कोटी ८० लाख मुलांच्या शाळेत ही सोय नव्हती. आपल्या शाळांच्या वार्षिक माहितीत मात्र ‘हँडवॉश सुविधा आहे’ या चौकटीत बरोबरची खूण केली की काम भागते.

आता थोडे गणित करू, कारण या विषयावरच्या लेखांत ते क्वचित असते. शंभर पोरांची शाळा धरा. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरते. प्रत्येक मुलाने रोज दोनदा साबणाने हात धुतले तर वर्षाला ४० हजार वेळा. वडी साबण हरवतो, चिखलात पडतो, कोणी घरी नेतो, म्हणून बांगलादेशात एक साधी युक्ती निघाली. दीड लिटर पाण्यात ३० ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवायची आणि बाटलीच्या झाकणाला भोक पाडायचे. एका वेळेला पाच मिलिलिटर लागले तर वर्षाला दोनशे लिटर साबणपाणी, म्हणजे चार किलो पावडर. पाचशे रुपयांच्या आतबाहेरचे काम. समग्र शिक्षा योजनेत ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजारांचे एकत्रित अनुदान असते आणि त्यातले किमान दहा टक्के, म्हणजे अडीच हजार, स्वच्छतेवर खर्चायचे असतात. अनुदान उशिरा येते, त्यातूनच वीजबिल आणि खडू-रजिस्टरही भागवायचे असते, हे मान्य. तरी साबण पैशावाचून अडलेला नाही.

पाणी? एका वेळेला अर्धा लिटर धरला तर दिवसाला शंभर लिटर, म्हणजे अर्धा ड्रम. नगर शहराला मुळा धरणातून पाणी येते, विळदहून उपसून वसंत टेकडीवर चढवले जाते आणि तिथून वाटले जाते. घरोघरी ते रोज येत नाही, दिवसाआड येते, वीज गेली किंवा जलवाहिनी फुटली तर त्याहूनही उशिरा. भाड्याच्या खोलीत दोन हंडे आणि एक टाकी एवढ्यावर दोन दिवस काढायचे असतील तर आईने पोराला ‘साबण लावून नीट धू’ म्हणण्याआधी टाकीत डोकावणे साहजिक आहे. पाथर्डी, पारनेर, संगमनेरच्या टँकरवर जगणाऱ्या वाड्यांची तर गोष्टच निराळी. पण शाळेला शंभर लिटर ही अशक्य मागणी नाही.

खरी कोंडी वेळेची आहे. हात ओले करणे, साबण, वीस सेकंद चोळणे, धुणे मिळून एका मुलाला चाळीस सेकंद धरा. शंभर मुले, नळ एक असेल तर सहासष्ट मिनिटे. दोन असतील तर तेहतीस. दहा तोट्या असतील तर सात मिनिटांत काम आटोपते. शालेय पोषण आहाराची योजना १९९५पासून आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००१च्या आदेशानंतर तांदळाच्या पिशवीऐवजी शिजवलेले अन्न ताटात आले. खिचडी तयार झाली, घंटा झाली, पोरे भुकेली आहेत आणि नळ दोन. अशा वेळी तेहतीस मिनिटे रांगेत कोणते मूल उभे राहील? ते बोटे पाण्याखाली धरते, चड्डीला पुसते आणि ताट घेऊन बसते. संध्याकाळी त्याच मुलाला विचारा, ते अचूक सांगेल की जेवणाआधी साबणाने हात धुवावेत. ज्ञान शंभर टक्के, सवय शून्य, आणि या दोन्हींच्या मध्ये नळांची संख्या.

या विषयावरच्या पाहण्यांनी मुलाच्या वयाचा, आईच्या शिक्षणाचा, वडिलांच्या उत्पन्नाचा सवयींशी संबंध तपासला. तोट्यांच्या संख्येचा, साबण ठेवणाऱ्या माणसाच्या नावाचा, मधल्या सुट्टीच्या मिनिटांचा संबंध त्यांत अभावानेच सापडतो. आईचे शिक्षण संशोधक बदलू शकत नाही आणि शाळा व्यवस्थापन समितीही नाही. पीव्हीसीच्या नळीला भोके पाडून दहा तोट्या मात्र गावातला प्लंबर एका दुपारी बसवून देतो. वेळापत्रकात जेवणाआधी दहा मिनिटे घालायला तर कोणाचीच परवानगी लागत नाही. करोनानंतर हे सहज व्हायला हवे होते. मार्च २०२०मध्ये बंद झालेले राज्यातले प्राथमिक वर्ग डिसेंबर २०२१मध्ये पुन्हा भरू लागले तेव्हा फाटकाशी सॅनिटायझर होता, ड्रम होते, पायाने दाबायचे नळ होते. दोन वर्षांत सॅनिटायझरच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. पायाने दाबायच्या नळांचे वायसर गेले आणि ते बदलणे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते.

एक मोठा गट तर या सगळ्या मोजणीच्या बाहेरच राहतो. नगर जिल्ह्याची गंमत अशी की तो ऊसतोड मजूर पाठवतोही आणि बोलावतोही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबे कोयता घेऊन बाहेर पडतात, आणि प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यातल्या कारखान्यांवर बाहेरून टोळ्या उतरतात. गाळप साधारण नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालते. त्या काळात ही मुले कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहतात. तिथे न्हाणीघर नाही, शौचालय नाही, पाणी कालव्याचे किंवा शेतमालकाच्या मोटारीचे, आणि आईबाप पहाटे फडात गेल्यावर धाकट्याला आंघोळ घालणारी बहीण स्वतः आठ वर्षांची. महाविद्यालयांचे प्रकल्प मात्र बहुधा याच महिन्यांत होतात. प्रश्नावली हजर मुलांकडून भरून घेतली जाते. नागापूरसारख्या कामगार वस्तीतही वर्षाच्या मध्यात नाव काढून जाणारी आणि नव्याने येणारी मुले असतात, कारण कंत्राट संपले की खोली सुटते. पाहणीच्या शेवटच्या पानावर ‘गैरहजर विद्यार्थी वगळले’ असे एक वाक्य असते.